दहा रुपयांत दोन तास: सोलापूर स्टेशनात गाड्या कशा बघायच्या

मी रेल्वेत कधी नोकरी केली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पस्तीस वर्षं मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो. जॉबर म्हणजे बिघडलेला माग वळणावर आणणारा माणूस. शेडमध्ये चोवीस माग एकदम खडखडत असले की शेजारचा कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. पण मी दाराशी पाठमोरा उभा राहून चहा पीत असलो आणि आत सातव्या मागाचा धोटा अडखळला, तर मला तिथंच कळायचं. रिटायर झालो आणि घरात एवढी शांतता झाली की पहिले दोन महिने झोप लागेना. एक दिवस पहाटे उठलो, स्टेशनवर जाऊन बसलो, आणि बाकावरच डुलकी लागली. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तरी जातो. नातू सुट्टीला आला की तोही येतो. तो मला ताता म्हणतो, आमच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू आहे.

लोक विचारतात, कुठं जायचं नाही, कुणी यायचं नाही, मग तिथं बसून करता काय? करतो ते सगळं खाली लिहिलंय.

आधी तिकीट. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांना मिळतं आणि ते दोन तास चालतं. त्यावर वेळ छापलेली असते, ती वाचा. मी सुरुवातीला वाचली नव्हती. एका मालगाडीला सिग्नल मिळेना, ती सुटताना बघायचीच म्हणून मी साडेतीन तास बसून राहिलो. तिकीट तपासनीस आला. "कुणाला सोडायला आलात?" कुणाला नाही म्हटलं. "मग घ्यायला?" कुणाला नाही. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. दंड भरून बाहेर पडलो, आणि त्याच वेळी मागे मालगाडी सुटली. आता तिकिटावरची वेळ बघून मोबाइलला गजर लावतो. अजून बसायचं असेल तर बाहेर येऊन दुसरं तिकीट काढतो. वीस रुपयांत चार तास, एवढं स्वस्त सोलापुरात दुसरं काय आहे? सणासुदीच्या गर्दीत ही तिकिटं कधी कधी बंद ठेवतात, तेव्हा खिडकीवर विचारून मगच स्कूटर लावा.

दोन तास कुठले निवडायचे, यावर निम्मी मजा अवलंबून आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने पहाटे जावं, पावणेसहाला. सहा वाजून पाच मिनिटांनी मुंबईची वंदे भारत सुटते. ही १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. सोलापूरहून ती गुरुवारी नसते, म्हणून गुरुवार टाळा. साडेसहाला पुण्याची हुतात्मा सुटते. आणि पावणेसातच्या आगेमागे मुंबईहून रात्रभर चालत आलेली सिद्धेश्वर आत येते. तासाभरात तीन गाड्या आणि तिन्हींचे स्वभाव वेगळे. वंदे भारत सुटताना धक्काच जाणवत नाही, खिडक्या सरकायला लागल्या की कळतं गाडी निघाली. हुतात्माला धावत येणारा माणूस रोज एक तरी असतोच; कोर्टाची तारीख, हॉस्पिटल, परीक्षा, पुण्यात सकाळचं काम असलेला सगळा जिल्हा त्या गाडीत असतो. आणि सिद्धेश्वरमधून उतरणारे लोक अर्धे झोपेत असतात, त्यांच्या गालावर उशीच्या वळ्या असतात.

नातवाने एकदा विचारलं, हुतात्मा म्हणजे कोण? मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, आपल्या सोलापूरचे चार स्वातंत्र्यसैनिक. १२ जानेवारी १९३१ ला पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिलं. ती गाडी रोज पुण्याला जाते, हे ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे ते गेलेल्या रस्त्यानेच की." मला हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

दुपारी दीडच्या सुमाराला पुण्याहून इंटरसिटी येते आणि दोनच्या आसपास तेच डबे घेऊन परत जाते. एरवी दुपार लांब पल्ल्याच्या गाड्यांची आणि मालगाड्यांची. पण मार्च ते जून दुपारी जाऊ नका. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, आणि पत्र्याखाली तर भाकरी भाजून निघेल. वेळा बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर सोलापूर टाकून पुढच्या दोन-चार तासांत कोण येणार ते बघून घ्या. लेट गाडीवर चिडू नका. आपल्याला कुठं जायचंय?

आता जागा. नवखा माणूस जिन्याजवळ, चहाच्या स्टॉलजवळ उभा राहतो. तिथं गाडी दिसत नाही, माणसं दिसतात. फलाटाच्या मधून चालत पुणे टोकाकडे किंवा होटगी टोकाकडे जा, जिथं छप्पर संपत येतं आणि बाक रिकामे असतात. पुणे टोकाला बाळे स्टेशनाकडून येणाऱ्या गाडीचं तोंड दिसतं. होटगी टोकाला टिकेकरवाडीकडून येणारीचं. एकदा बसलात की बसा. गाडी येईल तिकडे पळत सुटणारे हौशी पोरं मी बघतो, त्यांना चार गाड्यांची फक्त शेपटी मिळते. मी एकाच बाकावर बसतो आणि जी येईल ती माझी. पादचारी पुलावरून वरून बघायला छान वाटतं, पण तिथं रेंगाळलात की लोकांची वाट अडते आणि कुणीतरी हटकतंच. दोन मिनिटं बघा आणि खाली या.

बसल्यावर पहिली नजर सिग्नलकडे. फलाट संपतो तिथला जो खांब, तो गाडीला जायची परवानगी देणारा. लाल म्हणजे थांब. एक पिवळा म्हणजे जा, पण पुढचा सिग्नल लाल आहे असं समजून जा. दोन पिवळे म्हणजे त्याच्या पुढे थोडी मोकळीक. हिरवा म्हणजे रस्ता साफ. आपल्याकडे लोक अजून "सिग्नल पडला" म्हणतात. माझ्या लहानपणी खांबावर लाल हात असायचा, गाडीला जाऊ द्यायचं झालं की तो खरंच खाली पडायचा. आता नुसता रंग बदलतो, पण भाषेत हात अजून पडतोच आहे. समोर मालगाडी उभी असेल आणि बाजूच्या लाइनला हिरवा झाला, तर समजायचं की हिला मागे ठेवून कुणीतरी मोठी गाडी पुढे काढताहेत. दोन मिनिटांत इंजिनाचा उजेड दिसायला लागतो. नातवाला मी आधीच सांगतो, "आता इकडून येणार बघ," आणि गाडी आली की तो मला देव समजतो. ही विद्या कुणाला सांगू नका.

इंजिन आलं की त्याच्या अंगावर वाचा. प्रत्येक इंजिनावर त्याच्या शेडचं नाव असतं, म्हणजे त्याचं माहेर. कल्याण, लालागुडा, काझीपेठ, गुत्ती, ईरोड, कृष्णराजपुरम. पूर्वी दौंडपासून पुढे आपल्याकडे डिझेलच होतं. पुण्याच्या शेडची इंजिनं धूर ओकत यायची. आता सगळीकडे तारा आल्या, त्यामुळे तमिळनाडूचं इंजिन सरळ मुंबईपर्यंत जातं आणि सोलापुरात चार राज्यांची माहेरं एका सकाळी वाचायला मिळतात. पाटीवरची अक्षरं सोपी आहेत. डब्ल्यू म्हणजे आपला रुंद रूळ, साडेपाच फुटी. ए म्हणजे वरच्या तारेतली वीज, डी असेल तर डिझेल. पी म्हणजे प्रवासी गाडीचं, जी म्हणजे मालाचं. विजेच्या इंजिनावर शेवटचा आकडा म्हणजे ते कितव्या घडणीचं. डब्ल्यूएपी-७ दिसलं की समजायचं ६,३५० अश्वशक्तीचं प्रवासी इंजिन. मालगाडीपुढे दोन इंजिनं एकमेकांना पाठ लावून जोडल्यासारखं लांबलचक धूड दिसलं तर ते डब्ल्यूएजी-१२. ती दोन नव्हेत, दोन तुकड्यांचं एकच इंजिन आहे, १२,००० अश्वशक्तीचं. आमच्या अख्ख्या शेडमधले माग चालवून वर उरेल.

डब्यांवरही आकडे असतात. त्यातले पहिले दोन अंक म्हणजे डबा बांधला ते साल. माझा नातू २०१४ चा. तो प्रत्येक गाडीत चौदाने सुरू होणारा डबा शोधतो आणि सापडला की ओरडतो, "ताता, माझ्या वर्गातला!" चौदाचा डबा मिळाला नाही तर मग माझ्यासाठी शहाण्णव-सत्त्याण्णव शोधतो, तसले आता विरळ झाले. निळे जुने डबे चेन्नईतल्या पेरांबूरच्या घडणीचे, आवाज खुळखुळा. लाल-करडे नवे एलएचबी, ते थांबतानाही फारसे बोलत नाहीत. मला आवाजाचे जुनेच आवडतात, पण त्यात झोपून प्रवास करायचा असेल तर नवे बरे, हे मान्य.

गाडीच्या नंबरातही थोडं कळतं. बारा किंवा बावीसने सुरू होणारी सुपरफास्ट, शून्याने सुरू होणारी स्पेशल. जायची आणि यायची गाडी जोडीनं असते: हुतात्मा १२१५७ आणि १२१५८, सिद्धेश्वर १२११५ आणि १२११६. नंबर पाठ करण्यात मी वेळ घालवत नाही. काही पोरं पन्नास नंबर घडाघडा म्हणतात आणि समोरची गाडी कुठली ते विचारलं की मोबाइल काढतात.

आता माझं आवडतं: वेग मोजणं. मागाचे मिनिटाला किती पिक, म्हणजे धोट्याच्या किती फेऱ्या, पडतात ते मोजायची माझी जुनी सवय, तीच इथं लावली. एलएचबी डबा साधारण २४ मीटर लांब असतो. बाकासमोरचा एखादा खांब धरा. डब्याचं एक टोक खांबापाशी आलं की घड्याळ सुरू, पाच डबे गेले की बंद. पाच डबे म्हणजे १२० मीटर. ४३२ ला त्या सेकंदांनी भागा, ताशी किलोमीटर निघतात. दहा सेकंद लागले तर त्रेचाळीस, बारा लागले तर छत्तीस. निळ्या डब्यांना ४०० घ्या, ते थोडे आखूड. पूर्वी याहून सोपं होतं. रूळ तेरा-तेरा मीटरचे असायचे आणि प्रत्येक जोडावर चाक "खडक-खट्ट" करायचं. गाडीत बसून ४७ सेकंदांत जेवढे खडक मोजाल तेवढाच ताशी वेग. हिशोब करून बघा, जमतो. आता रूळ लांबच लांब जोडून टाकलेत, त्यामुळे तो ताल फक्त सांध्यावर, जिथं लाइन बदलते तिथं ऐकू येतो. माझ्यासारख्याला ते थोडं लागलंच. मिलचा भोंगा गेला, धोट्याचे माग जायला लागले, आणि रुळाचा खडकही गेला.

मालगाडीला लोक पाठ दाखवतात. चूक करतात. प्रवासी गाडी काय घेऊन आली ते दिसतं. मालगाडीचं ओळखावं लागतं. वरून उघडे, उंच कडांचे डबे म्हणजे कोळसा. होटगीच्या बाजूला एनटीपीसीचा वीज प्रकल्प आहे, त्याला कोळसा लागतो. बंद डबे, बाजूला सरकता दरवाजा: सिमेंट, खत, धान्य, साखर. त्यातून पडलेल्या भुकटीवरून काय ते कळतं. टाक्या असतील तर तेल. पाकणीला तेलाचे डेपो आहेत. कोळशाच्या एका गाडीला साधारण ५८ डबे, नातू मोजतो आणि तीसच्या पुढे दरवेळी चुकतो. त्या डब्यांना रेल्वेच्या मराठीत वाघीण म्हणतात. मी त्याला ते सांगितलं तर तो गाडी पूर्ण जाईपर्यंत आत वाकून बघत होता आणि शेवटी रडवेला झाला. "एक पण नव्हती की ताता."

भरलेली आणि रिकामी मालगाडी डोळे मिटून ओळखा. रिकामी आली की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी वाजते, आणि जाताना बाकाला काही जाणवत नाही. भरलेली जवळजवळ गप्प असते, पण पायाखाली फरशी हलते आणि बाकाच्या लोखंडातून कंबरेपर्यंत येतं. भरलेल्या गाडीचं इंजिन सुटताना ऐका. आधी एक बारीक चढत जाणारा सूर, मग पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत डब्यांचे जोड ताणल्याचा "ढण्-ढण्-ढण्" धावत जातो. लाटेसारखा तो तुमच्यासमोरून जातो, तेव्हा इंजिन हललेलं असतं आणि शेवटचा डबा अजून जागेवर असतो. हा आवाज ऐकण्यासाठीच मी दंड भरला होता.

कधी एखाद्या चाकाचा ठोका वेगळा लागतो: टक, टक, टक, अगदी सारख्या अंतराने. ब्रेक लागून चाक घसटलं की त्याला एका जागी सपाटी येते, आणि ते फिरताना प्रत्येक फेरीला एकदा रुळावर आपटतं. गाडी मंदावते तसा ठोका लांबत जातो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बाकावरून उठलोच. असा ठोका आला की मी माग बंद करायला धावायचो. इथं बंद करायला माझ्या हातात काही नव्हतं. पण फलाटाच्या कडेला, पलीकडच्या बाजूलाही, रेल्वेची माणसं उकिडवी बसलेली दिसतील, हातात बॅटरी. गाडी आत येताना ती चाकांकडे बघत असतात: कुठं ठिणगी, कुठं धूर, कुठं लोंबणारं काही. आपण खिडकीतले चेहरे बघतो आणि ते खालचे चेहरे बघतात. तुम्हाला एकच गोष्ट बघायची असेल तर ही माणसं बघा. गाडी थांबताच ती झपझप शेवटपर्यंत चालत जातात, मध्ये वाकतात, हातोडीने ठोकून ऐकतात. आमच्याच जातीचे, कानाने काम करणारे.

गाडी जाईपर्यंत उठायचं नाही. शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली असते, आणि त्याला इंग्रजीतल्या एल आणि व्ही या अक्षरांची पाटी लटकलेली. ही पाटी म्हणजे गाडी पूर्ण आहे, मध्ये तुटून मागे काही राहिलेलं नाही, याची खूण. स्टेशनवरचा माणूस ती बघितल्याशिवाय आत जात नाही. रात्री तिथं लाल दिवा लुकलुकतो. नातू त्या दिव्याला टाटा करतो. शेवटच्या डब्यातला गार्ड, आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, हिरवा झेंडा धरून असतो. त्याने एकदा नातवाकडे बघून झेंडा दोनदा हलवला. कामाचा भाग होता की काय, माहीत नाही, पण त्यावर आमच्या घरात आठ दिवस चर्चा झाली.

थोडं मागचं सांगतो, कारण त्याशिवाय हे स्टेशन नीट दिसत नाही. सोलापूरला रेल्वे १८६० साली आली, मोहोळकडून. तेव्हा बोरघाटातली लाइन अजून पूर्ण नव्हती. ती १८६३ ला झाली. म्हणजे सोलापूरकर गाडीत बसायला लागला तेव्हा मुंबईला जाताना घाट वेगळ्या वाहनाने उतरावा लागायचा. पुढे रायचूरपर्यंत लाइन जाऊन मद्रासकडून आलेल्या लाइनला मिळाली ती १८७१ मध्ये. त्याआधी काही वर्षं रूळ इथंच संपत होते, आणि मला वाटतं सोलापूरच्या बाजाराला ती वर्षं फळली. मग होटगीहून गदगला मीटरगेज गेली, १८८४ ला पूर्ण झाली. आणि कुर्डुवाडीला बार्शी लाइटची अडीच फुटी. एका जिल्ह्यात तीन मापांचे रूळ! माझे नायना, म्हणजे वडील, मला लहानपणी खांद्यावर बसवून विजापूरकडची छोटी गाडी दाखवायला आणायचे. वाफेचं इंजिन उभ्या उभ्या पाणी प्यायचं, आणि नायना म्हणायचे, "बघ, ह्याला पण तहान लागते." आता तिन्ही मापं एकच झाली. सोयीचं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. तेव्हा एकेरी लाइनला क्रॉसिंग म्हणून केमला, जेऊरला तास तास थांबलेले आम्ही. त्या तासात डब्यातले सगळे एकमेकांचे सोयरे व्हायचे.

सोलापूर स्टेशनात भाषा ऐकायला विसरू नका. उद्यान एक्स्प्रेस थांबली की खिडक्यांतून कानडी, विशाखापट्टणमची थांबली की तेलुगू, हैदराबादकडच्या गाड्यांत दखनी. एकदा कोणार्क उभी होती. खिडकीतल्या म्हातारीने बाहेर हात काढून विचारलं, "इदि ए ऊरु?" हे कुठलं गाव? मी म्हटलं, सोलापूर, आणि तिच्याच भाषेत विचारलं, पाणी हवंय का. ती हसली. तिला वाटलं आंध्र आलं. मी म्हटलं, नाही अव्वा, अजून महाराष्ट्रच आहे. गाडी हलली तशी ती मागे वळून वळून बघत होती, मी चुकीचं सांगतोय की काय म्हणून.

खाण्याचं मी घरूनच नेतो. कडक भाकरी, शेंगा चटणी, आणि वेगळ्या डब्यात दही. कडक भाकरी मोडताना आवाज होतो, शेजारचा बघतो, मग त्याला एक तुकडा द्यावाच लागतो, म्हणून एक जास्तीची ठेवा. चहा मात्र तिथलाच, आणि कप कचऱ्याच्या डब्यात.

ह्या गोष्टी करू नका, हे जरा जोरात सांगतो. पिवळ्या पट्टीच्या पुढे पाय नको. मालगाडी न थांबता जाते तेव्हा तिचा वारा ओढतो, लेकराचा हात सोडू नका. रूळ ओलांडून पलीकडे जाणं हा गुन्हा आहे, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वरच्या तारेत २५,००० व्होल्ट आहेत. तिला हात लावावा लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी ती झेप घेते. उभ्या वाघिणीवर चढून रील काढणारी पोरं दिसली की मी सरळ ओरडतो, "काय बे, उतर खाली!" चिडतात. चिडू देत. मोबाइलने साधे फोटो काढताना मला कुणी अडवलं नाही. पण तीन पायांचा स्टँड लावून बसाल तर पोलीस येऊन विचारणारच. विचारलं तर वाद न घालता बंद करा. आपण त्यांच्या घरात बसलोय.

पहाट जमली की मग एकदा रात्री या. साडेनऊला तिकीट काढा. दहाच्या सुमाराला सकाळी गेलेली हुतात्मा परत येते, आणि त्यातली माणसं वेगळीच दिसतात: शर्ट चुरगळलेले, हातात पुण्याच्या दुकानांच्या पिशव्या, एखाद्याच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. साडेदहाच्या पुढे मुंबईची वंदे भारत येते आणि त्याच सुमाराला सिद्धेश्वर सुटते. सकाळच्याच तीन गाड्या. सिद्धेश्वरला सोडायला आलेल्यांची गर्दी अजून जुन्या पद्धतीची आहे. एकाला सोडायला पाच जण. चादरींचे गठ्ठे खिडकीतून आत जातात, पाण्याच्या बाटल्या, डबे, "पोचल्यावर फोन कर" चार-चार वेळा. गाडी हलली की पाचातला एक जण बरोबर चालायला लागतो, मग थोडं पळतो, मग फलाट संपतो.

लाल दिवा बाळ्याकडे दिसेनासा होईपर्यंत नातू जागा असतो, त्यानंतर माझ्या खांद्यावर त्याचं डोकं आलंच. जिन्यावरून त्याला घेऊन उतरताना गुडघे बोलतात. बाहेर रिक्षावाले उभे असतात. अशोक चौकापर्यंत किती ते बसण्याआधी ठरवा, वंदे भारत नुकतीच आलेली असते आणि त्यांना तुम्हीही मुंबईहूनच आलात असं वाटतं.